ड्रोनच्या व्हिडिओतून गाड्यांचा कारखाना: यार्ड मोजावं की गेट?

दांडियाबाजारकर

टेस्लाच्या कारखान्यांवर ड्रोन उडवून नेमाने व्हिडिओ टाकणारे हौशी लोक आहेत. ऑस्टिनजवळचा टेक्सासचा कारखाना, शांघायच्या लिनगांग भागातला आणि बर्लिनबाहेर ग्रुनहाइडचा, या तिन्हींचे व्हिडिओ मी सुरुवातीपासून बघत आलोय. जानेवारी २०१९ मध्ये लिनगांगला कामाचा शुभारंभ झाला तेव्हा तिथे नुसता चिखल होता. त्याच वर्षी ३० डिसेंबरला तिथे बनलेल्या पहिल्या गाड्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या हाती दिल्या गेल्या. मधलं सगळं, म्हणजे खांब उभे राहणं, छप्पर चढणं, यंत्रं आत जाणं, जगाने वरून पाहिलं. ज्याने आयुष्य शॉप फ्लोअरवर काढलं त्याला हे बघताना भरून येतं.

पण हे व्हिडिओ बघून लोक जे निष्कर्ष काढतात त्यांवर बोलायला हवं, म्हणून हा धागा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा यार्डाबद्दल, म्हणजे तयार गाड्या उभ्या करायच्या आवाराबद्दल, येतं: "यार्ड खच्चून भरलंय, गाड्या खपत नाहीत." दोन आठवड्यांनी तोच माणूस लिहितो: "यार्ड रिकामं, उत्पादन थांबलेलं दिसतंय." यार्ड भरलं तरी वाईट आणि रिकामं झालं तरी वाईट!

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत उत्पादन नियोजन बघायचो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो: स्टॉक वेगळा आणि वेग वेगळा. यार्डात उभ्या गाड्या म्हणजे स्टॉक. कारखाना कसा चाललाय हे विचारायचं असेल तर वेग हवा, म्हणजे दिवसाला जोडणीच्या लाइनवरून किती उतरल्या आणि गेटमधून किती बाहेर पडल्या. सुरसागर तलावाचं पाणी काठाला लागलंय एवढं बघून पाऊस किती झाला हे कुणी सांगत नाही, कारण पाणी सोडलंय की अडवलंय तेही माहीत असावं लागतं.

यार्ड कधीच काही सांगत नाही असंही मी म्हणणार नाही. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने जगभर ४,३३,३७१ गाड्या बनवल्या आणि ३,८६,८१० ग्राहकांना दिल्या. साडेशेचाळीस हजारांहून जास्त गाड्या कुठेतरी उभ्या राहिल्याच. पुढच्या तिमाहीत ४,१०,८३१ बनल्या, ४,४३,९५६ गेल्या, म्हणजे सुमारे तेहतीस हजारांनी साठा उतरला. यार्डं आधी भरत गेली आणि मग ओसरली. कंपनीचे आकडे आल्यावर व्हिडिओंचा अर्थ लागला. आकड्यांशिवाय नुसत्या व्हिडिओवरून हे ठामपणे सांगता आलं नसतं.

तुम्ही यातलं काय बघता, कसं बघता, लिहा.

सरासरी

काका, उत्तम विषय. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून तुमच्या मुद्द्याला सूत्राची जोड देते. रांगांच्या गणितात लिटलचा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम.

समजा यार्डात ३,००० गाड्या दिसल्या. प्रत्येक गाडी सरासरी दोन दिवस थांबत असेल तर रोज १,५०० येतात. सहा दिवस थांबत असेल तर रोज फक्त ५०० येतात. वरून दिसणारं चित्र तेच, उत्पादनात तिपटीचा फरक. मुक्काम किती हे एका व्हिडिओतून कळूच शकत नाही. त्यासाठी लागोपाठच्या दिवसांचे व्हिडिओ घेऊन एखादी रांग जागची हलली का ते बघावं लागतं. पांढऱ्या-काळ्या-लाल गाड्यांचा क्रम रांगेच्या ठशासारखा वापरता येतो. मंगळवारी जो क्रम होता तोच शुक्रवारी दिसला तर ती रांग हललेली नाही.

यात एक अट आहे. यार्ड साधारण स्थिर असेल, येणं आणि जाणं दीर्घकाळ जुळत असेल, तेव्हाच हे सूत्र असं सरळ वापरता येतं. तिमाहीच्या शेवटी टेस्लाचं यार्ड मुद्दाम रिकामं केलं जातं. तेव्हाची फ्रेम घेऊन हा गुणाकार करू नये.

दांडियाबाजारकर

सरासरीताई, रंगांच्या क्रमाची युक्ती फारच आवडली. मी इतकी वर्षं बघतोय, पण अमुक रांग तीच आहे का हे तपासायला माझ्याकडे पद्धत नव्हती. आता आहे.

शांघायचं उदाहरण यात हमखास द्यायला हवं. तिथे बरीच वर्षं तिमाहीच्या पहिल्या अर्ध्यात निर्यातीच्या गाड्या बनायच्या आणि उरलेल्या अर्ध्यात चीनमध्ये विकायच्या. निर्यातीच्या गाड्या रो-रो जहाजाची, म्हणजे ज्यात गाड्या चालवतच चढवतात त्या जहाजाची, वाट बघत उभ्या राहतात, कारण एका जहाजात हजारो गाड्या मावतात आणि तेवढ्या जमल्याशिवाय जहाज भरत नाही. तिमाहीच्या पहिल्या महिन्यात तिथलं यार्ड भरलेलं दिसलं तर तो जहाजाच्या वेळापत्रकाचा परिणाम असू शकतो. १५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं, तिथे ठेवलेल्या मॉडेल वाय गाड्या याच कारखान्यातून आल्या होत्या.

मांडवी_निनाद

मी एम. एस. युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काका, एक शंका. गाड्या हाताने मोजण्यापेक्षा कॉम्प्युटरला मोजायला शिकवलं तर? मोकळे उपग्रह फोटोही मिळतात. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट आहेत आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच जागेचा फोटो येतो.

कारेलीबाग_स्मिता

निनाद, सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटरचा असतो. मॉडेल वाय जेमतेम पावणेपाच मीटर लांब आणि दोन मीटरच्या आत रुंद आहे. एका पिक्सेलमध्ये गाड्यांचा घोळकाच बसतो. यार्ड भरलंय की मोकळं, एवढंच कळेल. तुलनेने १२० मीटरवरून साध्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल काही सेंटिमीटरचा येतो, म्हणून गाडीचं काचेचं छत वेगळं ओळखू येतं.

मी जमिनीच्या मोजणीसाठी ड्रोन उडवते, त्या अनुभवातून सांगते. मोजणीला आम्ही कॅमेरा सरळ खाली धरतो, ठरलेल्या ओळींत उडतो आणि लागोपाठचे फोटो ७५-८० टक्के एकमेकांवर येतील असे घेतो. मग ते जोडून एक सपाट नकाशा होतो, त्यावर मोजलेलं खरं धरता येतं. यूट्यूबचे व्हिडिओ तिरके असतात. जवळच्या गाड्या मोठ्या दिसतात, लांबच्या एकमेकींमागे दडतात. ड्रोन वळला की तीच रांग पुन्हा समोर येते आणि दोनदा मोजली जाते. तुझं मॉडेल गाडी ओळखायला चुकणार नाही, पण तीच गाडी पुन्हा ओळखायला चुकेल. म्हणून आधी पार्किंगचे पट्टे मोज. पट्टे हलत नाहीत. भरलेले किती आणि रिकामे किती हे प्रमाण काढ, ते तिरक्या व्हिडिओतूनही बरंच नीट येतं.

रंगारी

मी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, काम करतो. सगळे यार्डाबद्दल बोलताय, मी छताबद्दल बोलतो. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त गोष्टी छतावर असतात.

पेंट शॉपला हवा लागते, प्रचंड लागते. रंग मारायच्या बूथमधली हवा ठराविक तापमानाला आणि आर्द्रतेला ठेवावी लागते, ओव्हनमधून निघणारी वाफ जाळून मग बाहेर सोडावी लागते. म्हणून ज्या छतावर हवेच्या मोठ्या पेट्या, जाड डक्ट आणि चिमण्यांची रांग दिसेल त्याखाली बहुतेक पेंट शॉप. बॅटरीच्या भागातही अशी यंत्रं दिसतात, कारण सेलच्या कोरड्या खोलीत हवेतला ओलावा जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. नव्या बांधकामाचे व्हिडिओ बघताना आत काय येणार हे मी यावरूनच सांगतो.

पण चिमणीतून पांढरं काही निघतंय म्हणजे कारखाना जोरात, असं लिहिणारे बघितले की राहवत नाही. ती बहुतेक वेळा कूलिंग टॉवरची वाफ असते. थंड हवेत ती दाट दिसते, उन्हाळ्यात त्याच लोडवर दिसतही नाही. जानेवारीतला व्हिडिओ जुलैतल्याशी लावून बघू नका.

दुसरं, कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ढकलून केलेला भाग. टेक्सासमध्ये त्यासाठी इटलीच्या इड्रा कंपनीची गिगा प्रेस नावाची अवाढव्य यंत्रं आहेत, सायबरट्रकसाठी ९,००० टन दाबाचं. मॉडेल वायच्या मागच्या अंडरबॉडीत, म्हणजे तळाच्या सांगाड्यात, आधी सुमारे सत्तर तुकडे जोडावे लागत, ते काम एका अॅल्युमिनियम कास्टिंगवर आलं. हे कास्टिंग बाहेर आवारात ठेवलेले व्हिडिओत स्पष्ट दिसतात. लोक लिहितात, "बघा किती बनवून ठेवलेत!" बाहेर ठेवलेलं कास्टिंग चांगलं, पुढे जोडणीला जाणारं असू शकतं, किंवा नाकारलेलं, पुन्हा वितळवायला जाणारं. रॅकमध्ये एकसारखं नीट बसवलेलं असेल तर पहिलं. बिनमध्ये आडवंतिडवं टाकलेलं असेल तर दुसरं. एवढी काळजी घेऊन बघितलं तर व्हिडिओ खूप शिकवतात. आमच्या लाइनवरच्या मुलांनाही मी ते दाखवतो.

दांडियाबाजारकर

रंगारी, असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं सार्थक होतं.

माझा गेटचा हिशेब मांडतो. आठवड्याला ५,००० गाड्या, सहा दिवस, दिवसाचे वीस तास काम धरलं तर साधारण ८६ सेकंदांना एक गाडी लाइनवरून उतरते. हे वरून दिसत नाही. पण त्या ५,००० गाड्या कॅरिअरने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या लांब ट्रकने, न्यायच्या, एका कॅरिअरवर आठ, तर आठवड्याला ६२५ कॅरिअर लागतील. कॅरिअर सातही दिवस निघतात असं धरलं तर रोज नव्वदच्या आसपास, चोवीस तासांत विभागले तर तासाला सुमारे चार. हे दिसतं! वीस मिनिटांच्या व्हिडिओत गेटमधून एक-दोन भरलेले कॅरिअर निघायला हवेत. बरेच व्हिडिओ बघून एकही दिसला नाही, तर मग प्रश्न विचारायला जागा आहे.

ऑस्टिनचा_बडोदेकर

मी बडोद्याचा, बरीच वर्षं ऑस्टिनला. १३० नंबरच्या टोल रस्त्यावरून जाताना कारखाना बाजूलाच दिसतो, शेजारून कोलोरॅडो नदी वाहते. रस्त्यावरून एकच लांबलचक भिंत दिसते. एप्रिल २०२२ मध्ये उद्घाटन झालं तेव्हाच इमारत एक कोटी चौरस फुटांची होती. खालून तिचा अंदाज येत नाही, त्यासाठी ड्रोनचाच व्हिडिओ बघावा लागतो.

काका, तुमच्या गेटच्या हिशेबात दोन गोष्टी धरा. इथे रात्रीही कॅरिअर सुटतात आणि ड्रोनवाले बहुतेक सकाळी उडतात, म्हणजे नमुना एकाच वेळेचा असतो. आणि २०२५ पासून टेस्लाने लाइनवरून उतरलेल्या गाड्या चालकाशिवाय स्वतःच यार्डात जाताना दाखवल्या आहेत. पूर्वी यार्डात गाड्या सोडून चालकांना परत आणणारी व्हॅन फेऱ्या मारायची, काही जण त्या फेऱ्यांवरून अंदाज बांधत. गाडी स्वतः गेली की ती खूण पुसली जाते.

गोत्रीची_वर्षा

सगळं वाचलं. गाड्या, छप्पर, चिमण्या, कॅरिअर. माणसं कुठे आहेत? १२० मीटरवरून माणूस म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्याला पगार, पाळी, घर काही नसतं. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने जगभरातले दहा टक्क्यांहून जास्त कर्मचारी कमी करायचं ठरवलं. त्या आठवड्यातल्या व्हिडिओत छप्पर तेच होतं, यार्डही होतं.

आपल्या बडोद्याजवळच्या हालोलचं बघा. जनरल मोटर्सने तिथलं उत्पादन एप्रिल २०१७ मध्ये थांबवलं. चीनच्या एसएआयसी कंपनीने तोच कारखाना घेतला, २०१९ मध्ये तिथून एमजी नावाने हेक्टर निघाली आणि पुढे झेडएस, कॉमेट, विंडसर अशा इलेक्ट्रिक गाड्याही. वरून बघणाऱ्याला तीच इमारत पुन्हा जागी झालेली दिसेल. मधल्या काळात ज्या घरांतली कमाई थांबली ती घरं त्या चौकटीच्या बाहेर आहेत.

म्हणून माझं म्हणणं: वरून काही मोजायचंच असेल तर कामगारांचं पार्किंग मोजा. पाळी बदलायच्या वेळी कारखान्याची खरी नाडी तिथे लागते. आपल्याकडे कंपनीच्या बसगाड्या मोजा, कारण इथला कामगार बसने किंवा दुचाकीने येतो.

दांडियाबाजारकर

वर्षाताई, तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. कामगारांचं पार्किंग ही वेगाचीच खूण आहे, स्टॉकची नाही, कारण पाळी संपली की ते रिकामं होतं. ग्रुनहाइडला मात्र सप्टेंबर २०२३ पासून एर्कनरहून कारखान्यापर्यंत फुकट रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिथलं पार्किंग आधीच्या वर्षाशी जसंच्या तसं लावता येणार नाही.

ग्रुनहाइडवरून आणखी एक. २०२४ च्या जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे बहुतांश उत्पादन बंद होतं. कारण तांबड्या समुद्रात! जहाजांवर हल्ले होत होते, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि सुटे भाग वेळेवर पोचत नव्हते. मग ५ मार्चला जवळच्या विजेच्या मनोऱ्याला आग लावली गेली, पुन्हा काही दिवस सगळं ठप्प. त्या दोन्ही वेळचे व्हिडिओ एकसारखे दिसतील: रिकामं पार्किंग, थांबलेली वाहतूक. कारण येमेनच्या किनाऱ्यावर आहे की शेजारच्या शेतात, हे कॅमेऱ्याला कळत नाही. मागणी घटली म्हणून पाळी रद्द केली असती तरी चित्र हेच असतं. जो व्हिडिओवरून कारण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जो फक्त काय बदललं ते सांगतो त्याचं ऐका.

सुरसागरकाठी

मला एक गोष्ट खटकते, स्पष्टच लिहितो. दुसऱ्याच्या आवारावर कॅमेरा नेऊन त्याचा माल मोजणं योग्य आहे का? २०१८ मध्ये टेस्लाचा शेअर पडेल यावर पैसे लावलेल्या लोकांनी विमानातून तिच्या गाड्यांचे फोटो काढून मोजणी केली होती. त्यांना कारखान्याविषयी प्रेम नव्हतं. आणि उलट बाजूचे, शेअर चढावा म्हणून प्रत्येक खड्ड्याला नवा विस्तार म्हणणारेही आहेतच.

सरासरी

सुरसागरकाठी, हेतूचा परिणाम आकड्यावर होतो हे अगदी खरं. पडेल म्हणणारा भरलेल्या यार्डाची फ्रेम निवडतो, चढेल म्हणणारा कॅरिअरची. त्यावर उपाय एकच: कोणता दिवस, कोणती वेळ, कोणता कोपरा मोजायचा हे व्हिडिओ बघायच्या आधी ठरवायचं आणि जे येईल ते लिहायचं.

मांडवी_निनाद

मग आपण हालोलवर करूया का? स्मिताताई, तुमच्याकडे ड्रोन आहे. आपल्याच भागातला इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना, आपणच नीट पद्धतीने मोजू.

कारेलीबाग_स्मिता

नाही. मी उडवणार नाही आणि तूही उडवू नकोस.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये फक्त २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापुढे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फूट. हरणी विमानतळ शहरातच, दरजीपुऱ्याला हवाई दलाचा तळ, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सी-२९५ विमानांचा कारखाना. इथे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा दर वेळी बघावा लागतो. हालोल लांब आहे, तिथे पट्टा हिरवा निघाला तरी नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे कुणाच्या कारखान्यात डोकवायची परवानगी नव्हे. मालक नाही म्हणाला तर विषय संपला. माझं सर्व्हेचं काम लोकांच्या विश्वासावर चालतं.

रंगारी

ताईंना पूर्ण पाठिंबा. निनाद, आणि आपल्याकडे ड्रोनची गरजही नाही. केंद्र सरकारचा वाहन डॅशबोर्ड बघ. उत्पादक निवड, इंधन निवड, राज्य निवड. किती गाड्यांची नोंदणी झाली ते समोर येतं. कंपन्या महिन्याच्या सुरुवातीला डीलरकडे किती पाठवल्या ते जाहीर करतात. पाठवल्या वजा नोंदल्या म्हणजे ढोबळपणे डीलरच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या. आपल्या देशात भरलेलं यार्ड कारखान्यात कमी आणि डीलरच्या गोडाऊनबाहेर जास्त सापडतं.

सरासरी

यात निर्यात वेगळी काढायला विसरू नकोस, निर्यात झालेली गाडी इथे नोंदली जात नाही. आणि सणांचे महिने वेगळे ठेव. दसरा-दिवाळीला डीलर आधी साठा करतात, नोंदणी मागून येते.

मांडवी_निनाद

समजलं. मग मी दोन कामं करतो. वाहन डॅशबोर्डवरून एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्यांचे महिनावार आकडे काढून कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांशेजारी लावतो. आणि टेक्सासच्या जुन्या व्हिडिओंतून यार्डाचा एकच कोपरा आणि एकच गेट आधी ठरवून मोजतो: भरलेले पट्टे, रंगांचा क्रम, बाहेर पडलेले कॅरिअर. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांचे घेतो, कारण त्या काळात साठा आधी चढला आणि मग उतरला हे काकांनी दिलेल्या आकड्यांवरून माहीत आहे. माझ्या मोजणीत तो चढउतार दिसतो का ते बघू. ऑस्टिनच्या दादांनी नकाशावर मुख्य डिस्पॅच गेट कोणतं ते सांगितलं तर बरं होईल.

ऑस्टिनचा_बडोदेकर

रस्त्यावरून भरलेले कॅरिअर कोणत्या बाजूने निघतात ते बघून शनिवारी लिहितो. २०२४ नंतर आतले रस्ते बरेच बदललेत, तेव्हा जुन्या व्हिडिओतलं गेट आजच्या नकाशाशी जुळवून मगच मोजायला घे.